अमेरिकेत न्यूरोसायकॉलॉजीची फेलोशिप: अर्जाआधी काय, कधी आणि कुठल्या क्रमाने

दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबर आला की मला दोन प्रकारचे मेसेज येतात. एक पुण्या-नागपुराकडून, "ताई, एमए सायकॉलॉजी झालंय, अमेरिकेतल्या हॉस्पिटलात न्यूरोसायकॉलॉजीची फेलोशिप करायचीये, फॉर्म कुठे मिळेल?" आणि दुसरा इथूनच, अमेरिकेतून, पीएचडीच्या शेवटच्या वर्षातल्या कुणाचा तरी, की डेडलाइन दोन आठवड्यांवर आलीये आणि रिपोर्ट कुठला जोडू. दोघंही हुशार असतात, मेहनती असतात, पण दोघांनीही काम शेवटच्या टोकाकडून धरलेलं असतं. न्यूरोसायकॉलॉजी म्हणजे मेंदूच्या आजाराचा स्मरणशक्ती, भाषा, वागणं यांवर काय परिणाम झालाय ते टेस्ट आणि मुलाखतीतून तपासणं. फेलोशिप हा या ट्रेनिंगचा अगदी शेवटचा टप्पा आहे आणि तिथे कुणाला घ्यायचं हे बऱ्यापैकी आधीच्या तीन-चार वर्षांत तुम्ही काय केलंत त्यावर ठरतं, अर्ज म्हणजे फक्त त्याचा पुरावा.

म्हणून खालचे टप्पे क्रमानेच वाचा. तुमचा टप्पा सहावा असला तरी पहिल्या पाचांवर एकदा नजर टाका, कारण अडकणारे बहुतेक जण मागच्याच कुठल्या तरी टप्प्यात अडकलेले असतात.

टप्पा १: तुम्ही कुठल्या पायरीवर आहात ते आधी बघा

१९९७ मध्ये ह्यूस्टनला एक परिषद झाली, तिथे ठरलेला न्यूरोसायकॉलॉजीच्या ट्रेनिंगचा साचा आजही पाया म्हणून धरला जातो (२०२२ मध्ये मिनेसोटात त्यावर पुन्हा बसून विचार झाला, पण पायऱ्यांचा क्रम तोच राहिला). क्रम असा: क्लिनिकल सायकॉलॉजीसारख्या विषयात डॉक्टरेट म्हणजे पीएचडी किंवा सायडी (क्लिनिकल कामावर जास्त भर असलेली डॉक्टरेट), त्यात शेवटी एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप, आणि डॉक्टरेट हातात आल्यावर दोन वर्षांची फेलोशिप. १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतर डॉक्टरेट मिळालेल्यांना बोर्ड सर्टिफिकेशन (लायसन्सच्या वरची, या विषयातले तज्ज्ञ म्हणून मान्यता) हवं असेल तर हा साचा पूर्ण करावाच लागतो.

आता यात एमए कुठेच नाही हे लक्षात आलं असेल. भारतातली एमफिल क्लिनिकल सायकॉलॉजी उत्तम ट्रेनिंग आहे, तिच्यावर भारतात पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळते, बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या ठिकाणी न्यूरोसायकॉलॉजीचं भक्कम काम शिकायला मिळतं, पण इथे ती डॉक्टरेट धरली जात नाही. भारतातली पीएचडी असेल तरी ती इथल्या मान्यताप्राप्त क्लिनिकल प्रोग्रामची नसल्यामुळे इंटर्नशिप आणि पुढे राज्याचं लायसन्स, दोन्हीकडे प्रश्न येतात. म्हणजे भारतातून निघणाऱ्याने फेलोशिपचा नाही, डॉक्टरेटचा फॉर्म शोधायचा. ऐकायला वाईट वाटतं, पण हे आज ऐकलेलं बरं.

एमबीबीएस झालेले पण विचारतात. त्यांचा रस्ता वेगळा आहे, न्यूरॉलॉजी किंवा सायकियाट्रीची रेसिडेन्सी आणि मग बिहेवियरल न्यूरॉलॉजी. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

तपासा: तुमचा डॉक्टरेट प्रोग्राम अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा किंवा कॅनडाच्या सायकॉलॉजिकल असोसिएशनचा मान्यताप्राप्त आहे का? युनिव्हर्सिटी नावाजलेली असणं आणि प्रोग्राम मान्यताप्राप्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक पहिलीवरच खूश होऊन बसतात.

टप्पा २: डॉक्टरेटमध्येच पाया घाला

न्यूरोसायकॉलॉजीवाल्यांनी ट्रेनिंगच्या चार पातळ्या ठरवल्यात: नुसती ओळख, अनुभव, भर, आणि सगळ्यात वर मुख्य विषय. फेलोशिपसाठी तुम्हाला डॉक्टरेटमध्ये सगळ्यात वरची पातळी दाखवता आली तर उत्तम. त्यात साधारण तीन न्यूरोसायकॉलॉजीचे कोर्स, दोन न्यूरोसायकॉलॉजीची प्रॅक्टिकम (शिकता शिकता सुपरवायझरखाली क्लिनिकात केलेलं काम), आणि त्याच विषयातला प्रबंध किंवा रिसर्च अपेक्षित असतो.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे प्रॅक्टिकमचे तास. लोक टेस्टिंगचे तास भरभरून मिळवतात, आणि विचारलं की सांगतात "मी शेकडो टेस्ट घेतल्यात". पेशंटची टेस्ट घेणं आणि स्कोअर करणं हे सायकोमेट्रिस्टचं काम आहे आणि ते यायलाच हवं, पण फेलोशिपवाले बघतात की रेफरल कुणाकडून आला, मुलाखत कुणी घेतली, रिपोर्ट कुणी लिहिला, पेशंट आणि घरच्यांना निकाल कुणी समजावून सांगितला. पूर्ण केस हातात घेतल्याच्या थोड्या नोंदी नुसत्या स्कोअरिंगच्या मोठ्या आकड्यापेक्षा जड पडतात.

दुसरं, दोन्ही प्रॅक्टिकम एकाच प्रकारच्या क्लिनिकात करू नका. एक मेमरी क्लिनिक केलं असेल तर दुसरं एपिलेप्सी, डोक्याला मार, स्ट्रोक, मुलांचा विभाग, असं काहीतरी घ्या. फक्त एडीएचडीच्या केसेस केलेला अर्ज हॉस्पिटलातल्या फेलोशिपला कच्चा वाटतो.

टप्पा ३: इंटर्नशिप, आणि व्हिसाचा सापळा

इंटर्नशिपची निवड राष्ट्रीय मॅचमधून होते, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्राम दोघांच्या पसंतीच्या याद्या कॉम्प्युटर जुळवतो. तिथे नाव मोठं बघू नका, न्यूरोसायकॉलॉजीला वेळ किती मिळतो ते बघा. वरची पातळी धरायची तर निम्मा तरी वेळ न्यूरोसायकॉलॉजीत जायला हवा. उरलेला वेळ थेरपी, कन्सल्टेशन वगैरेला जातो, आणि तो वाया जात नाही, लायसन्स सायकॉलॉजिस्ट म्हणूनच मिळणार आहे.

आता एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावाल्यांनी हा भाग दोनदा वाचा, कारण आपल्या मुलामुलींचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. इंटर्नशिप बहुतेकांची सीपीटीवर (शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) होते. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा जास्त झाली की त्या डिग्रीच्या पातळीवरची ओपीटी (डिग्रीनंतर काम करायची परवानगी) गेली, संपूर्ण गेली. आणि इंटर्नशिप असते नेमकी वर्षभराची! म्हणून ऑफर आल्या आल्या, सह्या करायच्या आधी, युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन तारखा समोर ठेवून बसायचं. ओपीटी वाचली तरी ती बारा महिन्यांचीच, आणि फेलोशिप दोन वर्षांची. दुसऱ्या वर्षासाठी हॉस्पिटल एच-१बी (नोकरीचा व्हिसा) करणार का, हा प्रश्न इंटरव्ह्यूच्या आधी प्रोग्राम कोऑर्डिनेटरला ईमेलवर विचारा. लाजू नका. सरळ दोन ओळी लिहायच्या, उत्तर नाही आलं तर तेही उत्तरच.

जपून: व्हेटरन्सच्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये न्यूरोसायकॉलॉजीच्या फेलोशिप भरपूर आहेत आणि चांगल्या आहेत, पण तिथे ट्रेनी म्हणून अमेरिकन नागरिकत्व लागतं. दर वर्षी कुणीतरी यादीतली निम्मी नावं तीच भरून ठेवतं. ग्रीन कार्डवरही चालत नाही.

तपासा: प्रबंध. फेलोशिप सुरू व्हायच्या आत डिग्री पूर्ण झालेली असावी लागते, "फक्त डिफेन्स राहिलाय" हे कारण सप्टेंबरात कुणी ऐकून घेत नाही. जमलं तर इंटर्नशिपला निघायच्या आधीच डिफेन्स उरकून टाका. नवीन शहर, नवीन हॉस्पिटल, आणि रात्री डेटा अ‍ॅनालिसिस, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

टप्पा ४: शाखा कुठली, हे अर्जाआधी ठरवा

पहिली फाटाफूट म्हणजे मोठ्यांचं काम की मुलांचं. काही प्रोग्राम दोन्ही देतात, पण बहुतेक ठिकाणी एक निवडावं लागतं आणि नंतर बदलणं सोपं नसतं.

मोठ्यांमध्ये सगळ्यात मोठा वाटा स्मृतिभ्रंशाच्या केसेसचा. हे अल्झायमर आहे, की लुई बॉडी, की रक्तवाहिन्यांमुळे, की नैराश्यच आहे, असे प्रश्न असतात. त्यानंतर पार्किन्सन्स, जिथे मेंदूत इलेक्ट्रोड बसवायच्या आधी पेशंटची विचारशक्ती, मूड आणि अपेक्षा तपासून घेतात. मग डोक्याला मार, स्ट्रोक, ट्यूमर, मल्टिपल स्क्लेरोसिस. ट्यूमरच्या काही ऑपरेशनांत पेशंटला मधे जागं ठेवून बोलायला लावतात आणि न्यूरोसायकॉलॉजिस्ट ऑपरेशन थिएटरात उभा राहून भाषा तपासत असतो. हे दिसायला फार थरारक आहे म्हणून सगळ्यांना तेच करायचं असतं, पण रोजचं काम तसं नाही. रोजचं काम म्हणजे दार बंद करून पेशंटसोबत तीन-चार तास आणि मग रिपोर्ट.

एपिलेप्सीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण या शाखेत आपल्या शब्दावर सर्जन खरोखर निर्णय बदलतो. भाषा मेंदूच्या कुठल्या बाजूला आहे हे बघायला जपानी-कॅनेडियन डॉक्टर जून वाडा यांच्या नावाची टेस्ट आहे, मानेतल्या रक्तवाहिनीतून औषध देऊन मेंदूची एक बाजू काही मिनिटं झोपवायची आणि तेवढ्यात दुसरीची परीक्षा घ्यायची. फंक्शनल एमआरआय आल्यापासून ती कमी झाली, संपली नाही. ज्यांना हे शिकायचंय त्यांनी प्रोग्रामला विचारावं की सर्जरी कॉन्फरन्समध्ये केस फेलो मांडतो की फक्त मागच्या खुर्चीवर बसतो.

मुलांच्या बाजूला कॅन्सरच्या उपचारानंतर उरणारे परिणाम, एपिलेप्सी, वेळेआधी जन्मलेली बाळं, जन्मजात हृदयविकार, जेनेटिक आजार. इथे निम्मं काम शाळेशी बोलण्याचं असतं.

कोर्टाची कामं, रिहॅबिलिटेशन हेही आहे, पण ते तुमच्या प्रोग्रामच्या लोकांकडून जमेल तसं शिका, तेवढ्यासाठी जागा निवडू नका.

टप्पा ५: कागदपत्रं

साधारण हे लागतं: कव्हर लेटर, सीव्ही, ट्रान्सक्रिप्ट, शिफारसपत्रं (बहुधा तीन), आणि ओळख काढून टाकलेले एक-दोन रिपोर्ट. डेडलाइन बहुतेक डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे इंटर्नशिपला लागून जेमतेम तीन-चार महिने झालेले असतात, आणि म्हणूनच शिफारसपत्रांचा घोळ होतो. इंटर्नशिपचा सुपरवायझर तुम्हाला नीट ओळखतही नसतो. एक पत्र त्याचं असू द्या, पण तुमच्या केसेस वर्षभर जवळून पाहिलेल्या प्रॅक्टिकम सुपरवायझरचं एक आणि प्रबंधाच्या गाइडचं एक, हे ऑक्टोबरच्या सुरुवातीला मागून ठेवा.

कव्हर लेटरवर फार वेळ घालवू नका. मला मेंदूचं लहानपणापासून आकर्षण, आजीला स्मृतिभ्रंश झाला होता, हे सगळं आम्ही खूप वाचलंय. काय केलंय, काय राहिलंय, आणि ते राहिलेलं या प्रोग्राममध्ये कुठल्या रोटेशनमध्ये मिळेल, एवढं लिहा, एक-दीड पान.

वेळ घालवायचा तो रिपोर्टवर. अर्जातला हा एकच कागद असा आहे जो तुमचं रोजचं काम दाखवतो, बाकी सगळं तुमच्याबद्दल बोलणं.

समजा केस अशी आहे: चाळिशीतली बाई, उजव्या हाताने लिहिणारी, मेंदूच्या डाव्या टेम्पोरल (कानाजवळच्या) भागातून फिट्स, ऑपरेशनचा विचार चालू. सर्जनचा प्रश्न एकच, हा भाग काढला तर हिच्या स्मरणशक्तीचं काय होईल. येणारा रिपोर्ट कसा असतो? नऊ पानं, प्रत्येक टेस्टचा स्कोअर, प्रत्येकापुढे सरासरी, सरासरीपेक्षा कमी, सरासरी, आणि शेवटी "निकालांचा इतर तपासण्यांशी मेळ घालावा". सर्जनने काय करायचं याचं? हवं ते हे: शब्दांची स्मरणशक्ती सध्या चांगली आहे, म्हणजे जो हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग) काढायचा म्हणताय तो अजून काम करतोय, त्यामुळे ऑपरेशननंतर शब्द आठवण्याला आणि नावं सुचण्याला धोका जास्त. उलट एमआरआयमध्ये तो आकसलेला असेल आणि स्मरणशक्ती आधीच खालावलेली असेल तर गमावण्यासारखं कमी. एका परिच्छेदात उत्तर, खाली आधार. तो परिच्छेद पहिल्या पानावर असेल तर वाचणाऱ्याचा जीव सुखावतो.

रिपोर्टात आणखी एक गोष्ट बघतात: पेशंटने मनापासून प्रयत्न केला होता का, हे तपासलंत का. त्यासाठीच्या टेस्ट वापरल्या आणि त्यांचा अर्थ लावला, हे दिसू द्या. नुसतं "सहकार्य चांगलं होतं" पुरत नाही.

आणि भाषा. मराठी बोलणारे म्हणून तुम्हाला इथे खरी संधी आहे पण तीच केस बिघडवली जाते. न्यू जर्सीतल्या एखाद्या सत्तरीच्या मराठी आजी, शिक्षण मराठी शाळेत, मुलाकडे येऊन दहा वर्षं, "विसरतात" म्हणून आणलेल्या. चित्रं दाखवून नावं विचारायची इंग्रजी टेस्ट लावली, स्कोअर तळाला, आणि रिपोर्टात भाषेचा दोष! कुठली चित्रं ते सांगत नाही, टेस्टचा मजकूर उघड करायचा नसतो, पण साताऱ्यात वाढलेल्या बाईने ज्या वस्तू कधी पाहिल्याच नाहीत त्या त्यात आहेत एवढं समजून घ्या. त्याहून वाईट म्हणजे मुलालाच दुभाषा करणं. तो मधेच म्हणतो, "अगं आई, सांग की, काल तर म्हणालीस", झाली टेस्ट. शब्दांची यादी तिथल्या तिथे मराठीत करून विचारली तरी शब्दांची लांबी, ओळख सगळं बदलतं, मग इंग्रजीचे नॉर्म (तुलनेसाठीचे आकडे) लावता येत नाहीत. अशी केस तुम्ही केली असेल आणि काय वापरलं, काय टाळलं, निष्कर्ष कुठपर्यंत ताणला आणि कुठे थांबलात हे प्रामाणिकपणे लिहिलं असेल, तर तोच रिपोर्ट पाठवा.

जपून, ओळख काढताना: नाव पहिल्या पानावर काढतात आणि सहाव्यावर "मिसेस देसाई म्हणाल्या" राहून जातं. फूटरमधला पेशंट नंबर राहतो. तारखा राहतात. फाइलच्या नावात आडनाव राहतं, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये राहतं. आणि सगळं काढूनही "अमुक गावातले एकमेव पशुवैद्य" असं लिहिलं तर काय काढलं? नव्वदी पार केलेल्यांचं नेमकं वयसुद्धा लिहायचं नाही. रिपोर्ट कितीही सुंदर असो, पेशंटचं नाव सापडलं की तो अर्ज तिथेच थांबतो.

तपासा: पीडीएफ करून एका दिवसाने उघडा, शोध चौकटीत पेशंटचं नाव, आडनाव, टोपणनाव, नवऱ्याचं-बायकोचं नाव एकेक टाकून बघा.

टप्पा ६: इंटरव्ह्यू

पूर्वी फेब्रुवारीत इंटरनॅशनल न्यूरोसायकॉलॉजिकल सोसायटीच्या अधिवेशनात हॉटेलच्या खोल्यांमधून इंटरव्ह्यू व्हायचे, कोविडनंतर बरेचसे ऑनलाइन गेले. प्रश्न अवघड नसतात. दोन केसेस तोंडपाठ नको पण पक्क्या हव्यात, एक सरळ आणि एक जिथे तुम्ही गोंधळलात. काही ठिकाणी छोटी केस देऊन विचार मोठ्याने करायला सांगतात. तिथे निदानाकडे धावू नका. वय, शिक्षण, भाषा, सुरुवात अचानक की हळूहळू, औषधं, झोप, हे विचारत जा, मग मेंदूतली जागा, मग आजार.

तुम्हीही विचारा: आठवड्याला किती केसेस, सायकोमेट्रिस्ट आहे का, रिपोर्ट किती दिवसांत द्यायचा, सुपरवायझर खरोखर किती वेळ देतात (मान्यताप्राप्त प्रोग्राममध्ये आठवड्याला किमान दोन तास वैयक्तिक सुपरव्हिजन असावंच लागतं), आणि मागचे फेलो आज कुठे आहेत. शेवटच्या प्रश्नावर अडखळले तर सावध व्हा. सध्याच्या फेलोशी एकटं बोलायला मिळतं का ते मागून बघा.

टप्पा ७: रँक लिस्ट

बऱ्याच फेलोशिप एपीपीसीएन या संघटनेच्या मॅचमध्ये असतात, बऱ्याच बाहेरही असतात, आणि गोंधळ यातूनच होतो. मॅचमध्ये तुम्ही यादी देता, प्रोग्राम यादी देतात, कॉम्प्युटर जुळवतो, आणि जे लागलं ते बंधनकारक. यादी तुमच्या खऱ्या आवडीच्या क्रमानेच द्या. "त्यांनी मला छान हसून निरोप दिला, म्हणजे तिथे चान्स आहे, त्यांना वर टाकते" हा हिशेब उलटा पडतो, पद्धतच अशी आहे की खरी पसंती वर ठेवल्याने खालच्या जागेचं काही बिघडत नाही. आणि जिथे जायचंच नाही ती जागा यादीत घालू नका, कारण लागली तर जावं लागेल.

मॅचबाहेरची ऑफर आधी आली तर? आधी वेळ किती आहे ते विचारा. मग तुमच्या जास्त आवडीच्या, मॅचबाहेरच्या प्रोग्रामला कळवा की माझ्याकडे ऑफर आहे. काही वेळा ते तिथल्या तिथे ऑफर देतात. बाहेरची ऑफर घेतलीत तर रँक लिस्टच्या तारखेआधी मॅचमधून नाव काढायला विसरायचं नाही. दोन्हीकडे पाय ठेवलेला माणूस या छोट्या जगात वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

टप्पा ८: रुजू झाल्यावर

पहिल्या महिन्यात करायचं काम म्हणजे ज्या राज्यात पुढे राहायचंय त्याचे लायसन्सचे नियम छापून भिंतीवर लावणं. किती तास, कुणाच्या सुपरव्हिजनखाली, आधी नोंदणी लागते का, सगळं राज्यागणिक बदलतं. फेलोशिप ओहायोत आणि नोकरी कॅलिफोर्नियात, असं असेल तर दोन्हींचे वाचा. लायसन्ससाठीची ईपीपीपी परीक्षा, २२५ प्रश्न, सव्वाचार तास, पहिल्या वर्षातच देऊन टाका. ती सगळ्या सायकॉलॉजीवर असते, न्यूरोसायकॉलॉजीवर थोडेच प्रश्न येतात, त्यामुळे "माझा तर रोजचाच विषय" म्हणून जाणारे आपटतात. पाससाठी बहुतेक राज्यांत ५०० चा स्केल्ड स्कोअर.

बोर्ड सर्टिफिकेशन लायसन्सनंतरचं आहे, त्यात आधी कागदपत्रांची तपासणी, मग लेखी परीक्षा, मग स्वतःच्या दोन केसेसचे नमुने, आणि शेवटी तोंडी. पण अभ्यास फेलोशिपमध्येच होतो. मेंदूचे काप बघायला पॅथॉलॉजीत जायला मिळत असेल तर एकही संधी चुकवू नका, न्यूरोरेडिओलॉजीच्या कॉन्फरन्सला बसा, बोर्डाच्या अभ्यासासाठी "ब्रेन" नावाचा अभ्यासगट आहे त्याच्या नोट्स दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच काढा. नोकरी लागल्यावर वेळ मिळेल असं सगळेच म्हणतात.

तपासा, फेलोशिप सोडताना: तासांच्या फॉर्मवर प्रत्येक सुपरवायझरची सही, पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट, आणि सुपरवायझरचा लायसन्स नंबर व घरचा ईमेल. लोक हॉस्पिटलं बदलतात, रिटायर होतात, आणि तीन वर्षांनी दुसऱ्या राज्यात लायसन्स काढताना त्यांनाच शोधावं लागतं.